रुमाल, फीत आणि नोंदवही

मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानात संगणकाविषयी बोलावे, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु महासंगणकाचे दप्तर सांभाळणे ही विद्या माझ्या विषयाच्या इतकी शेजारची आहे, की मोह आवरत नाही.

पुण्यात पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या ‘अर्का’ या महासंगणकाचे लोकार्पण सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. त्याचा साठा ३३ पेटाबाइटांचा आहे. एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट. पावसाचे गणित मांडताना अशी यंत्रे माहितीचे डोंगर रचतात. ते सारे फिरत्या चकत्यांवर कायम ठेवणे खर्चाचे. म्हणून जगभरच्या मोठ्या संगणक-केंद्रांत जुनी माहिती चुंबकीय फितीवर उतरवतात. फीत कालबाह्य झाली, हे गाण्यांच्या कॅसेटीपुरतेच खरे. २०२१ साली आलेल्या एलटीओ-९ जातीच्या कॅसेटीत सुमारे एक किलोमीटर लांबीची, अर्धा इंच रुंदीची फीत असते. तीवर १८ टेराबाइट मावतात, आणि कपाटात असताना तिला वीज लागत नाही.

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले असत. अभ्यासकाने रुमाल मागावा आणि तो येईपर्यंत थांबावे. फितीवरील ऑब्जेक्ट स्टोरेजची रीत हीच. येथे फोल्डरांत फोल्डर अशी उतरंड नसते. प्रत्येक माहितीखंडाला स्वतंत्र नाव आणि त्यासोबत त्याचे टिपण असते. नाव सांगितले की तो खंड कोणत्या कॅसेटीत, फितीच्या कोणत्या भागात आहे हे नोंदवही दाखवते. यांत्रिक हात ती कॅसेट वाचकयंत्रात घालतो. खंड आधी चकतीवर उतरतो, मग मागणाऱ्याला मिळतो. यात मिनिटे जातात. गर्दी असल्यास तास.

नवशिक्याला जड जाते ते हे थांबणेच. मागण्या येतील त्या क्रमाने पुरवल्या, तर फीत नुसती मागेपुढे धावत राहते. म्हणून मागण्या साठवून त्या फितीवरील क्रमाने लावाव्या लागतात. हजारो लहान फायली सुट्या न ठेवता एका गाठोड्यात बांधाव्या लागतात. फितीच्या मधलाच भाग पुसून तेथे नवे लिहिता येत नाही; जिवंत तेवढे दुसऱ्या कॅसेटीवर उतरवल्यावरच जुनी मोकळी होते. आणि नोंदवहीच्या प्रती निराळ्या जागी हव्यात. ती गेली, तर प्रत्येक कॅसेट पहिल्यापासून वाचत बसण्यावाचून गत्यंतर नाही.

२०११ मध्ये गूगलच्या काही ग्राहकांची पत्रे प्रणालीतील दोषाने नाहीशी झाली, ती फितींवरून परत आणता आली. उलट, माणूस चंद्रावर उतरला त्या क्षणांच्या चित्रणाच्या मूळ फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये काढला. फितींनी दगा दिला नव्हता; त्यांवर काय आहे याची आठवण कोणी ठेवली नाही.

मोडीचे तरी काय झाले? कागद शाबूत आहेत, वाचणारे विरळ झाले. फितींचे तसेच आहे. एलटीओ-९ चे यंत्र एलटीओ-८ ची कॅसेट वाचते, एलटीओ-७ ची नाही. त्यामुळे एक-दोन पिढ्यांत सगळे दप्तर नव्या फितींवर उतरवणे भाग पडते. सेकंदाला ४०० मेगाबाइट या पूर्ण वेगाने एक कॅसेट भरायला साडेबारा तास लागतात. ३३ पेटाबाइटांना अशा १,८३४ कॅसेटी, म्हणजे एकाच यंत्राने अडीच वर्षांहून अधिक काळ. म्हणून अशा केंद्रांत अनेक यंत्रे एकाच वेळी चालवतात, आणि जुन्या पिढीचे यंत्र बाद होण्याच्या पुष्कळ आधीच उतरवणी सुरू करतात.