एचटीटीपी रिक्वेस्ट : नाव नसलेल्या सेवांचा नोड

एन-एट-एन हे साधन यान ओबरहाउझर यांनी २०१९ साली बर्लिनमधून जगापुढे आणलं. पडद्यावर नोड मांडायचे, रेघांनी जोडायचे, की एकातली माहिती पुढच्यात जाते आणि रोजचं काम आपोआप होतं. गूगल शीट्स, स्लॅक, टेलिग्राम अशा शेकडो सेवांचे तयार नोड त्यात आहेत. तरी या साधनाची खरी ताकद मला दिसते ती कोणत्याच सेवेचं नाव न लावणाऱ्या ‘एचटीटीपी रिक्वेस्ट’ या नोडमध्ये. ज्या सेवेला एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने तिच्याशी बोलायची वाट आहे, तिच्याशी तो बोलू शकतो. मात्र काय बोलायचं ते आपल्याला नेमकं ठाऊक हवं. कोड लिहावा लागत नाही. पण एचटीटीपी, म्हणजे वेबवर विनंती आणि उत्तर पाठवायची रीत, समजून घ्यावीच लागते.

पहिला प्रश्न मेथडचा, म्हणजे विनंती कशासाठी आहे याचा. टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१च्या एचटीटीपीत ‘गेट’ एवढी एकच मेथड होती. आज माहिती मागायला गेट, नवी नोंद करायला पोस्ट, नोंदीचा एखादाच भाग बदलायला पॅच. मग पत्ता, हेडर (विनंतीबद्दलची माहिती), बॉडी (पाठवायचा मजकूर). सेवेच्या माहितीपानावर बहुतेक वेळा कर्ल या, टाइप केलेल्या आज्ञेने विनंती पाठवणाऱ्या साधनाची नमुना आज्ञा दिलेली असते. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचं हे कर्ल, चॅटवरच्या लोकांना चलनांचे दर सांगण्याच्या खटपटीतून वाढलेलं. ‘इम्पोर्ट कर्ल’मध्ये ती आज्ञा चिकटवली की नोडमधले रकाने भरले जातात. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी.

एक सवय मात्र लगेच मोडावी. नमुन्यातली गुप्त की तशीच हेडरमध्ये राहू देऊ नये. वर्कफ्लो, म्हणजे नोडची ही जोडणी, कुणाला पाठवला तर कीही सोबत जाते. ती एन-एट-एनच्या क्रेडेन्शियलमध्ये ठेवावी. तिथे ती एन्क्रिप्ट होऊन साठते.

लोक सर्वांत जास्त अडखळतात ते वेगळ्याच ठिकाणी. हा नोड आत आलेल्या प्रत्येक आयटमसाठी स्वतंत्र विनंती पाठवतो. शीटमधून पाचशे ओळी आल्या तर पाचशे विनंत्या. मग समोरचा सर्व्हर ४२९ हा कोड परत करू शकतो, म्हणजे ‘फार झाल्या, थांबा’. त्यासाठी ‘बॅचिंग’ आहे: एका खेपेला किती विनंत्या आणि दोन खेपांमध्ये किती मिलिसेकंद थांबायचं, ते ठरवता येतं. आकडा अंदाजाने टाकू नये, सेवेने घातलेली मर्यादा वाचून टाकावा.

पेजिनेशनमध्येही, म्हणजे पानापानाने येणारं उत्तर गोळा करतानाही, असाच बारकावा आहे. नोडचा पानं मोजणारा आकडा शून्यापासून चालतो, तर पुष्कळ एपीआयचं पहिलं पान एक क्रमांकाचं असतं. एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे रकान्यातल्या सूत्रात, अधिक एक लिहायचं राहिलं तर मागणी थेट शून्य क्रमांकाच्या पानाची जाते.

विनंती फसली की ती पुन्हा पाठवणारी ‘रिट्राय ऑन फेल’ ही सोय मोहक आहे, पण पोस्टवर ती डोळे झाकून लावणं मला धोक्याचं वाटतं. विनंती पोचली, नोंद झाली आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं, तर दुसऱ्या प्रयत्नात तीच नोंद पुन्हा होईल. पैशांच्या व्यवहारात हे परवडत नाही. म्हणून स्ट्राइपसारख्या पेमेंट सेवा हेडरमधून ‘आयडेम्पोटन्सी की’, म्हणजे विनंतीची ओळखखूण, घेतात. तिथे ऑर्डरचा क्रमांक एक्स्प्रेशनने भरून ठेवला, तर त्याच कीने लगेच पुन्हा आलेल्या विनंतीला सर्व्हर पहिलंच उत्तर देतो आणि ग्राहकाचे पैसे एकदाच कापले जातात.