गायकाचे रूपांतर आणि श्रोत्यांची मैत्री

एकाच गायकावर किंवा वाद्यवृंदावर दोघांचे सारखे प्रेम असले म्हणजे त्यांचा परस्परस्नेह वाढतो, हे सांगावयास मानसशास्त्राची आवश्यकता नाही. परंतु तो गायक आपली रीतच पालटतो आणि दोघांपैकी एकालाच ती रुचते, अशा वेळी त्या स्नेहाचे काय होते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. बॉब डिलन या अमेरिकन कवि-गायकाच्या १९६५-६६ मधील रूपांतराच्या आधारे त्याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

अमेरिकेतील लोकगीतांच्या पुनरुज्जीवनाची चळवळ ही केवळ संगीताची चळवळ नव्हती. नागरी हक्कांचा लढा, शांततावाद, बाजारू करमणुकीविषयीचा तिटकारा हे सारे तिच्यात मिसळलेले होते. १९६३ च्या न्यूपोर्ट महोत्सवात पीट सीगर, जोन बाएझ प्रभृतींसह डिलन एकाच व्यासपीठावर समूहगानात उभा होता. त्याच वर्षी २८ ऑगस्ट रोजी वॉशिंग्टन येथील विराट मोर्चापुढेही तो गायला. साधी गिटार आणि तोंडाने वाजवावयाचा बाजा ही त्याची वाद्ये श्रोत्यांच्या दृष्टीने एका जीवननिष्ठेची चिन्हे झाली होती. पुढे २५ जुलै १९६५ रोजी त्याच न्यूपोर्टला तो विजेवर चालणारी गिटार घेऊन, साथीदारांच्या गजरात तीन गीते गायला, तेव्हा सभेतून निषेधाचे आवाज उठले. हे आवाज नव्या रीतीविरुद्ध होते, सदोष ध्वनियोजनेविरुद्ध होते की कार्यक्रम फार लवकर आटोपल्याबद्दल होते, याविषयी प्रत्यक्ष हजर असलेल्यांचेही एकमत नाही. मात्र १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये जे घडले त्यात संदिग्धता नाही. पूर्वार्धात एकट्याने गायलेली गीते श्रोत्यांनी शांतपणे ऐकली. उत्तरार्धात वाद्यवृंद येताच संथ टाळ्या वाजवून व्यत्यय आणण्याचे प्रयत्न झाले, आणि अखेर एकाने ‘जूडास’ अशी आरोळी ठोकली. ख्रिस्ताचा विश्वासघात करणाऱ्या शिष्याचे हे नाव आहे. केवळ गाणे न आवडणारा मनुष्य असा शब्द उच्चारीत नाही.

फ्रिट्झ हायडर याने १९४६ साली मांडलेला संतुलनाचा सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. मी, माझा मित्र आणि आम्हा दोघांसमोरील विषय यांचा एक त्रिकोण होतो. मित्र प्रिय असून विषयाबाबत आमचे मतभेद असतील, तर त्रिकोण असंतुलित होऊन मनावर ताण येतो. थिओडोर न्यूकम याने १९५३ साली त्यात महत्त्वाची भर घातली: परस्परांविषयीचे आकर्षण आणि विषयाचे महत्त्व जितके अधिक, तितका हा ताण तीव्र. यावरून एक गोष्ट उघड होते. डिलनची गीते ज्यांना निव्वळ श्रवणसुखासाठी प्रिय होती, अशा मित्रांमधील मतभेद चहाच्या पेल्याबरोबर संपण्याजोगा होता. ज्यांच्या दृष्टीने ती गीते एका सामाजिक निष्ठेची खूण होती, त्यांच्यापुढे मात्र गिटारीच्या आडून दुसराच प्रश्न उभा राहिला: ‘हे तुला आवडते, तर आजवर आपण ज्यासाठी एकत्र होतो ते तुला खरोखर पटले होते काय?’ मित्राच्या सबंध पूर्वचरित्राविषयी संशय निर्माण करणारा हा प्रश्न आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर देणे जवळजवळ अशक्य असते.

दुसरेही एक कारण आहे, आणि ते तितकेसे उदात्त नाही. ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ हे गीत १९६५ मध्ये अमेरिकेतील खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. काल-परवापर्यंत मोजक्या जाणकारांचा असलेला गायक सर्वांचा झाला. अभिरुची ही आपले वेगळेपण राखण्याचे साधन असते, हे पिएर बुर्द्यू याने १९७९ साली विस्ताराने दाखविले. त्या दृष्टीने पाहता जुन्या श्रोत्याच्या संतापात हिरावलेल्या मानाचेही दुःख होते, असे म्हणावे लागते. आपल्याकडे किशोरी आमोणकरांनी जयपूर-अत्रौली घराण्याची चौकट ओलांडून भावाभिव्यक्तीला प्राधान्य दिले, तेव्हा जाणत्या श्रोत्यांत जे तट पडले, त्यांतही निष्ठा आणि अधिकार यांचे असेच मिश्रण आढळते. अर्थात घराण्याची परंपरा आणि राजकीय चळवळ या एकाच मापाने मोजण्याच्या गोष्टी नव्हेत.

ताण आला म्हणजे मैत्री तुटतेच, असे मात्र नाही. हायडरच्याच विवेचनात एक सुटकेची वाट आहे: विषयाचे विभाजन. ‘१९६४ पर्यंतचा डिलन’ आणि ‘नंतरचा डिलन’ असे दोन विषय कल्पिले, की पहिल्याविषयी दोघांचे एकमत अबाधित राहते. ही तडजोड सोयीची खरी, पण तिची किंमत असते. मैत्रीचा समान आधार त्यामुळे भूतकाळात गोठतो. नवी ध्वनिमुद्रिका आली की एकत्र ऐकण्याचा प्रसंग टाळला जातो आणि बोलणे जुन्या गीतांवरच फिरत राहते. उघड भांडणापेक्षा हा मूक संकोचच मैत्रीला अधिक क्षीण करीत असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. सभागृहातील आरोळी ध्वनिफितीवर उतरते, हा संकोच उतरत नाही. अभ्यासकांचे लक्ष आरोळीकडेच अधिक गेले ते बहुधा याचमुळे.

मँचेस्टरच्या त्या कार्यक्रमाचे अनधिकृत मुद्रण अनेक वर्षे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावावर हातोहाती फिरत होते. १९९८ साली ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले, तेव्हा ती आरोळीही त्यात जशीच्या तशी ठेवण्यात आली.