विश्लेषण : जुने सीटीपी यंत्र स्वस्तात मिळते, पण परवडते का?

मोठी मुद्रणालये नवे यंत्र बसवतात, तेव्हा त्यांचे दहा-पंधरा वर्षे वापरलेले ‘सीटीपी’ यंत्र बाजारात येते. नव्याच्या तुलनेत किंमत बरीच कमी असते. व्यापारी ‘चालू कंडिशन’ची खात्री देतो आणि प्लेटसाठी रोज दुसऱ्याच्या दारात थांबावे लागणाऱ्या लहान छापखान्याच्या मालकाला मोह होतो. मात्र या व्यवहारातला सर्वांत महाग भाग डोळ्यांना दिसत नाही. तो कोणता, तो तपासायचा कसा आणि किती काम असेल तर हे यंत्र परवडते, याचा आढावा.

सीटीपी म्हणजे काय?

ऑफसेट छपाईत प्रत्येक रंगासाठी ॲल्युमिनियमची एक पातळ प्लेट लागते. पूर्वी संगणकावर तयार झालेले पान आधी फिल्मवर काढले जाई. ती फिल्म प्लेटवर ठेवून अतिनील प्रकाश दिला की प्लेट तयार होई. एकरंगी साध्या कामाला फिल्मऐवजी बटर पेपरवरचा प्रिंटही चाले. ‘कम्प्युटर टू प्लेट’ म्हणजेच सीटीपीने हा मधला टप्पा काढून टाकला. पीडीएफ फाइलचे ‘रिप’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बारीक ठिपक्यांत रूपांतर होते आणि यंत्रातला लेझर ते ठिपके थेट प्लेटवर उमटवतो. २५४० डीपीआयला असा एक ठिपका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. जर्मनीत १९९५ मध्ये भरलेल्या ‘द्रुपा’ प्रदर्शनात ही यंत्रे मोठ्या संख्येने मांडली गेली आणि पुढच्या काही वर्षांत फिल्म मागे पडली.

स्वतःचे यंत्र कशासाठी हवे?

बहुतेक लहान छापखाने प्लेट सीटीपी सेंटरमधून करून आणतात. एरवी ते सोयीचे असते. अडचण येते ती हंगामात. दिवाळी अंक, कॅलेंडर, लग्नसराई आणि निवडणुकीची पत्रके यांच्या काळात सेंटरवर रांग लागते. मशीनवर प्लेट चढल्यावर एखादी चूक दिसली किंवा प्लेटला ओरखडा गेला, तर दुसरी प्लेट येईपर्यंत मशीन आणि मशीनमन दोघेही बसून राहतात. स्वतःचे यंत्र असेल तर तीच प्लेट काही मिनिटांत मिळते. त्यामुळे वाचणारा वेळ हा या खरेदीचा खरा फायदा आहे. प्लेटमागे वाचणारे पैसे त्यानंतर येतात.

थर्मल, वायोलेट की यूव्ही?

जुन्या बाजारात मुख्यतः तीन जाती दिसतात. थर्मल यंत्रात ८३० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर असतो. त्याच्या प्लेट साधारणपणे उजेडात हाताळता येतात आणि त्या सर्वाधिक प्रमाणात मिळतात. वायोलेट यंत्रात ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा लेझर असतो. ही यंत्रे वेगवान असल्याने वृत्तपत्रांत लोकप्रिय होती. पण त्यांच्या प्लेट प्रकाशाला अतिसंवेदनशील असल्याने पिवळ्या उजेडाची खोली लागते आणि त्यांची बाजारपेठही आक्रसली आहे. तिसरी जात यूव्ही सीटीपीची. तिच्यावर नेहमीच्या पीएस प्लेट चालतात आणि त्या तुलनेने स्वस्त पडतात.

वायोलेट यंत्र अनेकदा फारच कमी किमतीत मिळते, त्याचे कारण याच फरकात आहे. म्हणून यंत्राच्या व्यापाऱ्याआधी प्लेटच्या व्यापाऱ्याला फोन करावा. या यंत्राची, आपल्या मापाची प्लेट नियमित मिळेल का, किती दिवसांत मिळेल आणि किमान किती खोकी घ्यावी लागतील, हे विचारावे. प्लेटचे दर सरकारी धोरणानेही हलतात. देशात नवी मुंबईजवळच्या तळोज्याच्या टेक्नोव्हासारखे उत्पादक आहेत, पण आयातही होते. २०२० मध्ये भारताने चीनसह काही देशांतून येणाऱ्या डिजिटल ऑफसेट प्लेटवर अँटि-डम्पिंग शुल्क लावले होते.

सर्वांत महाग भाग कोणता?

लेझर. थर्मल यंत्रात प्लेट एका ड्रमभोवती घट्ट बसवली जाते, ड्रम वेगाने फिरतो आणि लेझरचे हेड त्याच्या लांबीवरून सरकत जाते. या हेडची रचना दोन प्रकारची असते. काही यंत्रांत अनेक स्वतंत्र लेझर डायोड असतात. त्यातला एखादा गेला तर तेवढाच बदलता येतो आणि काही मॉडेलमध्ये उरलेल्या डायोडवर, कमी वेगाने का होईना, काम चालू ठेवता येते. दुसऱ्या प्रकारात एकाच शक्तिशाली लेझरचा झोत अनेक किरणांत विभागला जातो. छपाईच्या दर्जात हा प्रकार उत्तम, पण तो बिघडला की बहुधा संपूर्ण हेडच बदलावे किंवा दुरुस्तीला पाठवावे लागते. जुन्या यंत्राच्या बाबतीत हा खर्च काही वेळा खरेदीच्या किमतीच्या जवळ जातो.

लेझर एका दिवसात मरत नाही, हळूहळू मंदावतो. मग ऑपरेटर पॉवर वाढवतो. ती वाढवता येईनाशी झाली की ड्रमचा वेग कमी करतो, म्हणजे प्रकाश जास्त वेळ मिळतो. प्लेट चांगलीच निघते, फक्त तिला वेळ अधिक लागतो. म्हणून ‘प्लेट बघा, एकदम क्लीन आहे’ या वाक्यावर समाधान मानू नये. पॉवर कमाल मर्यादेच्या किती जवळ आहे, ड्रमचा वेग मूळ वेगापेक्षा किती कमी ठेवला आहे आणि लेझर किती तास चालला आहे, हे तीन आकडे यंत्राच्या सर्व्हिस स्क्रीनवर पाहावेत. विक्रेता तो स्क्रीन दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर तेही एक उत्तरच समजावे.

चाचणी कशी घ्यावी?

यंत्र सुटे करण्याआधी, ते जिथे बसवलेले आहे तिथेच चालवून पाहावे. गोदामात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या यंत्राचा व्हिडीओ ही चाचणी नव्हे. जाताना आपण नेहमी वापरणार त्याच प्लेट, आपल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मापात न्याव्यात. मोठ्या यंत्रांना प्लेटचा किमान आकारही ठरलेला असतो. छोट्या ऑफसेट मशीनची प्लेट त्यात बसतच नाही, हे काही वेळा यंत्र दारात आल्यावर कळते.

पहिली चाचणी पूर्ण प्लेटभर ५० टक्के टिंटची. त्यात समान अंतरावर पट्टे दिसले, तर लेझरचा एखादा चॅनेल, फोकस किंवा हेड सरकवणारी यंत्रणा यात दोष आहे. दुसरी चाचणी १ ते ९९ टक्क्यांच्या पायऱ्यांची. त्यात २ टक्क्यांचा ठिपका टिकतो का आणि ९८ टक्क्यांचा भरून जातो का, हे भिंगातून आणि शक्य असल्यास प्लेट रीडरने तपासावे. तिसरी चाचणी रजिस्ट्रेशनची. एकाच जॉबच्या चार रंगांच्या प्लेट काढून त्या आपल्या मशीनवर छापून पाहाव्यात. चारही क्रॉस एकमेकांवर बसले पाहिजेत. शेवटी सलग वीस-पंचवीस प्लेट काढाव्यात. गरम झाल्यावर अडकणारे यंत्र पहिल्या दोन-तीन प्लेटमध्ये ओळखू येत नाही. त्या वेळी प्रत्येक प्लेटला लागणारा वेळ लिहून ठेवावा आणि एरर लॉग उघडून पाहावा.

यंत्राबरोबर काय काय मागावे?

सीटीपी एकटे काही करत नाही. त्याला फाइल पुरवणारा संगणक, जोडणीचे कार्ड, रिप सॉफ्टवेअर आणि त्याचा डोंगल लागतो. जुनी यंत्रे अनेकदा विंडोज एक्सपीच्या काळातल्या संगणकावर चालतात आणि त्यांचे कार्ड नव्या संगणकात बसत नाही. तो संगणक हार्डडिस्कसकट घ्यावा आणि डिस्कची प्रत लगेच काढून ठेवावी. डोंगल दिला जाणार का आणि रिपचा परवाना नव्या मालकाच्या नावावर होणार का, हे आधी लेखी ठरवावे. नाहीतर रिपसाठी वेगळा मोठा खर्च उभा राहतो. रिप इतका जुना नको की आजच्या पीडीएफमधली पारदर्शकता त्याला पेलणार नाही. युनिकोड मराठी मजकुराची एक पीडीएफ बरोबर नेऊन जोडाक्षरे आणि काने-मात्रे जसेच्या तसे उतरतात का, हे पाहावे.

दुसरा दुर्लक्षित भाग म्हणजे प्रोसेसर. लेझर दिल्यानंतर प्लेट यातच डेव्हलप होते, धुतली जाते आणि तिला गम लागतो. रोलर कडक झाले असतील, ब्रश झिजला असेल किंवा डेव्हलपरचे तापमान स्थिर राहत नसेल, तर उत्तम लेझरही खराब प्लेट देतो. प्रोसेस न लागणाऱ्या प्लेटही मिळतात. पण त्यातल्या काहींना जास्त लेझर ऊर्जा लागते आणि थकलेला लेझर ती देऊ शकत नाही. पंचाची माहितीही घ्यावी. यंत्रातला पंच आणि आपल्या मशीनची रजिस्टर पिन जुळत नसेल, तर तो खर्च वेगळा.

सुटे भाग आणि दुरुस्तीचे काय?

या उद्योगात कंपन्यांनी अनेकदा हात बदलले आहेत. कॅनडाची क्रिओ २००५ मध्ये कोडॅकने विकत घेतली. आग्फाचा ऑफसेट विभाग २०२३ मध्ये विकला गेला आणि आता ‘इको३’ या नावाने चालतो. त्यामुळे यंत्रावरचे नाव आणि आज सेवा देणारी कंपनी एकच असेल, असे नाही. उलट बाजूही आहे. फुजी, आग्फा आणि हायडेलबर्ग यांच्या नावाने विकली गेलेली काही यंत्रे मुळात जपानच्या स्क्रीन कंपनीची आहेत. अशा यंत्राचे भाग दोन-तीन नावांखाली शोधता येतात. आपल्या शहरात किंवा एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर ते मॉडेल जाणणारा इंजिनीअर आहे का, हा प्रश्न ब्रँडपेक्षा महत्त्वाचा. खरेदीआधी त्याच इंजिनीअरला पैसे देऊन तपासणीला नेणे शहाणपणाचे.

जागा आणि वाहतुकीचा खर्च किती धरावा?

यंत्राचे वजन काही शे किलोपासून टनाहून अधिक असते. हलवण्यापूर्वी लेझर हेड आणि ड्रम वाहतुकीच्या क्लॅम्पने बांधावे लागतात. ते न करता टेम्पोत चढवलेले यंत्र पोहोचते, पण त्याचे कॅलिब्रेशन राहत नाही. बसवण्यासाठी सपाट व मजबूत फरशी, वातानुकूलित व धूळमुक्त खोली, चांगला यूपीएस, अर्थिंग आणि बहुतेक यंत्रांना कोरडी, तेलविरहित हवा देणारा कॉम्प्रेसर लागतो. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यातला दमटपणा लेन्स आणि इलेक्ट्रॉनिक्स दोघांनाही मानवत नाही. वापरलेले डेव्हलपर तीव्र अल्कधर्मी असते. ते गटारात न सोडता त्याच्या विल्हेवाटीची सोय करावी लागते.

मग परवडते केव्हा?

एक उदाहरण म्हणून हिशेब करू. समजा, सेंटरकडून एक तयार प्लेट ३०० रुपयांना पडते. स्वतः काढल्यास कोरी प्लेट १९० आणि केमिकल, पाणी, वीज मिळून २५ रुपये. म्हणजे प्लेटमागे ८५ रुपये वाचतात. दरमहा ऑपरेटरचा पगार १८ हजार, एसी-यूपीएसचा खर्च ६ हजार आणि किरकोळ दुरुस्ती १० हजार धरली, तर ठरलेला खर्च ३४ हजार होतो. ३४ हजार भागिले ८५ म्हणजे ४००. महिन्याला ४०० प्लेट होईपर्यंत एक रुपयाही सुटत नाही.

यंत्र, वाहतूक आणि बसवणे मिळून १० लाख रुपये गेले असतील आणि महिन्याला ६०० प्लेट निघत असतील, तर दरमहा १७ हजार सुटतात आणि पैसे वसूल व्हायला जवळजवळ पाच वर्षे लागतात. १००० प्लेट असतील तर ५१ हजार सुटतात आणि वसुली सुमारे २० महिन्यांत होते. मध्येच लेझरसाठी ४ लाख घालावे लागले, तर हाच काळ अनुक्रमे सुमारे सात वर्षे आणि २७ महिने होतो. पंधरा वर्षे जुन्या यंत्राकडून आणखी सात वर्षांची अपेक्षा धरता येत नाही.

आपल्या प्लेटची संख्या मात्र अंदाजाने न धरता वर्षभराच्या बिलांवरून काढावी. १६० पानांचे एकरंगी पुस्तक म्हणजे १६ पानी १० फर्मे, म्हणजेच २० प्लेट. एका बाजूच्या चाररंगी पोस्टरला ४. दिवाळीचा महिना धरून केलेला हिशेब जूनमध्ये टिकत नाही. शेजारच्या दोन-तीन छापखान्यांचे काम मिळणार असेल, तर तेही तोंडी आश्वासनावर मोजू नये.

व्यवहार कसा करावा?

पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. काही भाग यंत्र आपल्या जागेत बसून, ठरलेल्या चाचणी प्लेट निघाल्यावर देण्याचे लेखी ठरवावे. मॉडेल, सिरियल क्रमांक, लेझरचे तास, डोंगल, संगणक, प्रोसेसर आणि हमीचा काळ यांचा उल्लेख जीएसटी बिलात किंवा करारात असावा. परदेशातून थेट आणायचे असेल, तर जुन्या यंत्राच्या मूल्यांकनासाठी चार्टर्ड इंजिनीअरचे प्रमाणपत्र लागते. नियम वेळोवेळी बदलत असल्याने कस्टम ब्रोकरला विचारल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. यंत्र आल्यावरही जुन्या सेंटरशी संबंध तोडू नयेत. ऐन हंगामात आपले यंत्र बंद पडले, तर प्लेट तिथूनच आणाव्या लागतील.