सातमाशे मूल आणि शाळेचा बाक



हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी वसलेले नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. महाराष्ट्रातील वारकऱ्यांना, तसेच पंजाबातील शीख बांधवांना ते सारखेच वंदनीय आहे. ह्या परिसरात, किंबहुना सर्व मराठी मुलुखात, दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बालकास 'सातमाशे' म्हणतात. सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, असेही वडीलधाऱ्या स्त्रिया सांगतात. ही समजूत खरी नाही. मूल मातेच्या उदरात जितके आठवडे अधिक राहील, तितके त्याच्या हिताचे असते.

असे मूल जगले की घरातील मंडळी देवाचे आभार मानतात आणि प्रश्न सुटला असे समजतात. पुढे सात-आठ वर्षांनी तेच मूल फळ्यावरचे उतरवून घेताना मागे पडते, हातच्याची बेरीज त्याला जमत नाही, त्याचे लक्ष टिकत नाही. त्या वेळी त्याच्या जन्माची आठवण कोणालाच होत नाही. गुरुजी त्याला 'ढ' म्हणतात, वडील आळशी म्हणतात आणि मूलही हळूहळू ते खरे मानू लागते. ह्या दोन प्रसंगांतील नाते समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी झालेल्या जन्मास अकाली जन्म म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बालके अशा प्रकारे जन्मली. गर्भावस्थेच्या अखेरच्या आठवड्यांत बालकाचा मेंदू अतिशय वेगाने वाढत असतो. पस्तिसाव्या आठवड्यात त्याचे वजन पूर्ण दिवसांच्या बालकाच्या मेंदूच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढेच असते. म्हणजे उरलेली वाढ बाळाला बाहेरच्या जगात पूर्ण करावी लागते. ह्या काळात थंडी बाधली, रक्तातील साखर उतरली, श्वास अडला, कावीळ वाढली किंवा जंतुसंसर्ग झाला, तर कोवळ्या मेंदूला इजा पोहोचू शकते. डोळ्यांच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांची वाढही अपुरी असते. वेळीच तपासणी न झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.

ह्या विषयाचा मोलाचा अभ्यास आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ ह्या काळात जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकांचा मागोवा वर्षानुवर्षे घेतला. बाराव्या वर्षी केलेल्या तपासणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. ह्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ९० च्या आसपास होता, तर पूर्ण दिवसांच्या व पुरेशा वजनाच्या मुलांचा ९७ च्या आसपास. जी मुले अकाली जन्मली आणि त्यातही गर्भवयाच्या मानाने कृश होती, ती सर्वांत मागे होती. अडचण विशेषेकरून गणितात आणि डोळ्यांनी पाहून हाताने उतरवण्याच्या कौशल्यात दिसून आली.

ह्या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. गट म्हणून ही मुले काहीशी मागे होती, तरी त्यांची सरासरी सर्वसामान्य मर्यादेतच होती. अनेक मुले इतरांच्या बरोबरीने शिकली. सरासरीवरून कोणत्याही एका बालकाचे भविष्य सांगता येत नाही. अकाली जन्म म्हणजे जोखीम होय, विधिलिखित नव्हे. ती जोखीम कमी करणे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

त्याचा आरंभ मातेपासून होतो. कोवळ्या वयातील विवाह, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर, रक्तक्षय, उपचाराविना राहिलेला जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब आणि दिवस भरत आले असतानाही शेतातील जड कष्ट ही अकाली प्रसूतीची किंवा बाळाच्या कमी वजनाची परिचित कारणे आहेत. हळदीच्या हंगामात किंवा ऊसतोडीच्या फडावर गरोदर स्त्री राबत असेल, तर तिच्या उदरातील बालकाच्या शिक्षणाचा प्रश्न तेथेच सुरू झालेला असतो, हे आपण ध्यानात घ्यावे.

त्यानंतर येतात जन्मानंतरचे पहिले दिवस. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले. त्या घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेऊ लागल्या. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. ह्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई जन्मानंतरच्या ४२ दिवसांत ठरावीक भेटी देतात. ऊब, मातेचे दूध आणि जंतुसंसर्गावर त्वरित उपचार ह्या ज्या गोष्टी बालकाचा जीव वाचवतात, त्याच त्याच्या मेंदूचेही रक्षण करतात.

यंत्रसामग्री थोडी असली तरी मातेची छाती सर्वत्र असते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे उष्णपेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी कमी वजनाची बालके मातेच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला. हीच 'कांगारू माता' पद्धत होय. पुढे ह्या पद्धतीने वाढवलेल्या काही बालकांचा वीस वर्षांनी पुन्हा शोध घेण्यात आला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की छातीशी वाढलेल्या मुलांची शाळेतील गैरहजेरी कमी होती आणि स्वभावातील अतिचंचलता व आक्रमकताही कमी होती. वडीलही बाळाला असे छातीशी धरू शकतात, हे आपल्या कुटुंबांना आवर्जून सांगितले पाहिजे.

घरी व शाळेत काय करता येईल? दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकाच्या डोळ्यांची तपासणी तीस दिवसांच्या आत करून घ्यावी. अतिशय लहान बालकांची त्याहूनही लवकर करावी. कानांचीही तपासणी व्हावी. पहिली दोन वर्षे बसणे, चालणे, बोलणे यांचा हिशेब प्रत्यक्ष जन्मतारखेऐवजी अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून करावा. शाळाप्रवेश मात्र जन्मतारखेनेच होतो. त्यामुळे दोन-तीन महिने आधी आलेले मूल कधी एक वर्ग पुढे ढकलले जाते. अशा मुलाची घाई करू नये. २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडी व शाळेतील मुलांची तपासणी होते. विकासात मागे असलेल्या बालकास पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवरील केंद्राकडे पाठवण्याची सोय आहे. तिचा लाभ घ्यावा. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेसही मान्यता दिली आहे.

आपल्या शाळांतील शिक्षकवर्गास व धर्मभगिनींना एक नम्र विनंती आहे. एखादे मूल सतत मागे पडत असेल, तर त्याच्या मातेशी एकांतात, मायेने बोलावे. बाळ कितव्या महिन्यात झाले, वजन किती होते, काचेच्या पेटीत ठेवले होते काय, हे विचारावे. त्या मातेच्या मनात बहुधा अपराधी भावना दडलेली असते. आपला प्रश्न दोष देण्यासाठी नसून वाट शोधण्यासाठी आहे, हे तिला उमगले पाहिजे. मग मुलाला पुढच्या बाकावर बसवावे, गणित मणी व काड्यांनी शिकवावे, लिहिण्यास थोडा अधिक वेळ द्यावा. ह्याला पैसा लागत नाही.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात स्वतःला अवेळी जन्मलेल्या बालकाची उपमा दिली आहे. प्रेषितांमध्ये तो स्वतःला सर्वांत कनिष्ठ समजत होता, तरीही प्रभूने त्याच्याकडूनच केवढे कार्य करून घेतले! आपल्या वर्गातील शेवटच्या बाकावर बसलेल्या सातमाशा मुलाकडे पाहताना ही गोष्ट आपणास आठवावी. घाईने जगात आलेल्या त्या जिवाला सावकाश शिकण्याची मुभा देणे, हे आपले कर्तव्य आहे.

— संपादक