गोगलगाय, चाबूक आणि अकरावीचा वर्ग

वर्गात प्रोजेक्टर आहे, तरी मी व्यंगचित्राच्या झेरॉक्सच नेते. चौघांत एक कागद. खालचा मजकूर दुमडलेला, तारीख मात्र उघडी: 28 ऑगस्ट 1949. डोंबिवलीत अकरावीला राज्यशास्त्र शिकवताना वर्षातून एकदा व्यंगचित्रकार शंकर यांचं हे चित्र मी काढतेच.

पहिली दहा मिनिटं अर्थ सांगायला बंदी. दिसतं तेवढंच बोलायचं. गोगलगाय, म्हणजे राज्यघटना. तिच्यावर बसलेले डॉ. आंबेडकर, हातात चाबूक. मागे पंडित नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. पलीकडे बघ्यांची गर्दी. फळ्यावर एवढं लिहून होईतो कोणीतरी विचारतंच, "मॅडम, नेहरू मारतायत कोणाला? गोगलगायीला की बाबासाहेबांना?"

याच प्रश्नावरून 11 मे 2012 रोजी संसदेत गदारोळ झाला होता. चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात होतं. सरकारने ते काढण्याचं जाहीर केलं, पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. हे ऐकताना वर्ग एकदम शांत होतो. आपल्याच वयाच्या मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक होतं ते, हे त्यांना लागतं.

एका वर्षी मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "चाबूक कोणावर का असेना, माझ्या आजोबांना हे चित्र दाखवायची माझी हिंमत नाही." मी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. तिला चित्र कळलं नाही, असं म्हणणं माझा उद्दामपणा झाला असता. उन्नमती श्याम सुंदर यांनी 1932 ते 1956 या काळातली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रं एका पुस्तकात आणली आहेत. ती ओळीने पाहिल्यावर त्या आजोबांची बाजू मला जास्त समजली. तरीही चित्र वर्गाबाहेर ठेवावं, असं मला वाटत नाही. दुखावलेल्या माणसाचं म्हणणंही त्याच तासाला, त्याच फळ्यावर यायला हवं.

मग मी आकडे देते. घटनेच्या मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. उशीर होतोय या टीकेला बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात स्वतः उत्तर दिलं. मुलं पुन्हा चित्राकडे वळतात. "म्हणजे गोगलगायीच्या पाठीवर ओझं होतं, ते शंकरनी काढलंच नाही," असं एकजण म्हणाला. दोन वर्षं झाली, मी ते विसरलेले नाही.

दुसऱ्या तासाला चित्र मुलांनी काढायचं. 2025 मध्ये विषय आयताच मिळाला: 15 ऑगस्टला कत्तलखाने आणि मांसविक्रीची दुकानं बंद ठेवण्याचा कल्याण-डोंबिवली महापालिकेचा आदेश. नियम दोनच. रेषा निर्णयावर चालवायची, कोणाच्या जातीवर, धर्मावर किंवा अंगावर नाही. आणि चित्र शेजाऱ्याला देऊन त्याच्याकडून त्यावरचा आक्षेप लिहून घ्यायचा. एकाने शटरच्या कुलपाला तिरंगी फीत बांधली. दुसरीने झेंड्याला सलाम करणारा बोकड काढला; आदेश तिला मान्य होता. दोघांनी कागद बदलले आणि घंटा झाली तरी पेन खाली ठेवले नाहीत. मी माझं मत सांगितलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं.

ठाण्यात शिक्षकांच्या एका बैठकीत मी हे सांगितलं, तर शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "कशाला नसती ब्याद?" त्यांची भीती खोटी नाही, पालकांचा फोन मलाही आलेला आहे. पण तीच मुलं संध्याकाळी लोकलमध्ये मोबाईलवर अशी चित्रं पाहतात, तारखेशिवाय, चित्रकाराच्या नावाशिवाय, आणि क्षणात पुढे धाडतात. तेव्हा बाईंना आणि तुम्हा सगळ्यांना विनंती एवढीच: एक चित्र वर्गात न्या, तारीख झाकू नका, आणि वेळापत्रकात दोन तास सलग मागून घ्या. एका तासात नुसतं भांडण होतं.