रोग्याच्या खाटेपाशीं चालणारें संशोधन

रुग्णालय म्हणजे औषधपाण्याचें ठिकाण आणि विद्यालय म्हणजे अध्ययनाचें ठिकाण, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्या रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलें असतें, तेथें या दोहोंच्या जोडीला तिसरेंहि एक कार्य चालतें. तें म्हणजे संशोधन. विद्यार्थी रोग्याच्या खाटेपाशीं उभा राहून "हें असें कां?" असा प्रश्न विचारतो, आणि पुष्कळदां त्याच्या गुरूलाहि उत्तर ठाऊक नसतें. संशोधनाचा आरंभ तेथेंच होतो. तामिळनाडूंतील वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेज या मिशनरी संस्थेच्या उदाहरणानें ही गोष्ट आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

या संस्थेचा पाया डॉ. आयडा स्कडर यांनीं सन १९०० मध्यें एका खाटेच्या दवाखान्यानें घातला. सन १९१८ मध्यें त्यांनीं स्त्रियांसाठीं वैद्यकीय शाळा काढली व तिचेंच पुढें महाविद्यालय झालें. सन १९४६ मध्यें डॉ. पॉल ब्रँड हे शस्त्रवैद्य तेथें आले. कुष्ठरोग्याचीं बोटें रोगानें सडून गळतात, असा त्या वेळीं सार्वत्रिक समज होता. ब्रँड व त्यांचे सहकारी यांनीं बारकाईनें पाहिलें, तों निराळेंच आढळलें. हा रोग मज्जातंतूंना अपाय करितो; त्यामुळें हाताची संवेदना जाते. मग तापलेलें भांडें धरलें तरी चटका कळत नाहीं, आणि बोटें झिजतात तीं अशा नकळत होणाऱ्या इजांनीं. बोटें वांकडीं होतात तीं हातांतील लहान स्नायु लुळे पडल्यामुळें. परंतु कोपराखालचे कांहीं स्नायु सशक्तच राहतात. अशा सशक्त स्नायूची कंडरा बोटांकडे वळवून त्यांनीं सन १९४८ पासून हे हात पुन्हा कामास लाविले.

हा झाला शस्त्रक्रियेचा विषय. आतां बालरोगांकडे वळूं. रोटा विषाणूमुळें तान्ह्या मुलांना तीव्र अतिसार होतो. वेल्लोरच्या संशोधकांनीं गरीब वस्तींतील ३७३ मुलांवर जन्मापासून तीन वर्षें लक्ष ठेविलें. कार्यकर्ते आठवड्यांतून दोनदां घरोघर जात. सन २०११ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मेक्सिकोंतील मुलांना हा विषाणु दोनदां बाधला कीं पुढें तीव्र आजारापासून पूर्ण संरक्षण मिळे, असें पूर्वीं आढळलें होतें. येथें मात्र तीनदां बाधा होऊनहि मध्यम वा तीव्र आजारापासून संरक्षण शेंकडा ७९ इतकेंच होतें. म्हणजे परदेशांतील आंकड्यांवर विसंबून आपल्या मुलांसाठीं लस ठरवितां येणार नव्हती. ती येथेंच पारखणें प्राप्त होतें.

तशी पारख झालीहि. दिल्लींतील एका नवजात बालकाच्या ठायीं सांपडलेल्या विषाणूपासून तयार केलेली रोटाव्हॅक ही लस दिल्ली, वेल्लोर व पुण्याजवळील वढू या तीन ठिकाणीं ६,७९९ बालकांवर तपासण्यांत आली. सुमारें दोन तृतीयांश बालकांना लशीचे थेंब व बाकीच्यांना तसेच दिसणारे साधे थेंब दिले गेले. कोणास काय मिळालें हें आईबापांनाहि ठाऊक नव्हतें व डॉक्टरांनाहि नव्हतें. मनाचा कौल निष्कर्षांत शिरूं नये, म्हणून ही दक्षता. लशीनें या विषाणूचा तीव्र अतिसार निम्म्याहून कांहींसा अधिक घटतो, असें सन २०१४ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि सन २०१६ पासून सरकारी लसीकरणांत तिचा प्रवेश झाला. तथापि इतर कारणांनीं होणाऱ्या अतिसारासाठीं स्वच्छ पाणी व धुतलेले हात यांची गरज कायमच आहे.

तिसरें उदाहरण रक्तरोगाचें. हिमोफिलिया या आनुवंशिक व्याधींत रक्त गोठविणारा एक घटक शरीरांत पुरेसा होत नाहीं. लहानशा दुखापतीनेंहि सांध्यांत रक्तस्राव होऊन सांधे जायबंदी होतात, आणि तो घटक वारंवार टोंचून घ्यावा लागतो. वेल्लोरच्या डॉक्टरांनीं अमेरिकेंतील एमरी विद्यापीठाच्या सहकार्यानें पांच प्रौढ रोग्यांच्या स्वतःच्या रक्तोत्पादक पेशी काढल्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साह्यानें त्यांत योग्य जनुक घातलें व त्या पेशी परत शरीरांत सोडल्या. डिसेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें, पांचांचा मिळून ८१ महिन्यांचा काळ लोटला तरी एकासहि रक्तस्राव झाला नव्हता. मात्र नव्या पेशींस जागा करण्यासाठीं आधीं तीव्र औषधें सोसावीं लागतात, आणि पांच ही संख्या लहान आहे. आनंद मानावा, पण उतावीळ होऊं नये.

या तिन्ही कार्यांत डॉक्टरांचें नांव होतें. परंतु ज्या मातांनीं आपल्या तान्ह्यांच्या तोंडांत ते थेंब घालूं दिले, व ज्या रोग्यांनीं नव्या उपचारास आपला देह दिला, त्यांच्या विश्वासावांचून एकहि पाऊल पुढें पडलें नसतें. म्हणून पालकांना आमचें सांगणें इतकेंच कीं, अशा संशोधनांत सहभागी होण्याविषयीं कोणीं विचारल्यास घाबरूं नये व डोळे मिटून होकारहि देऊं नये. लाभ कोणता, धोका कोणता, हें निःसंकोच विचारावें. नकार देण्याचा आपला हक्क आहे, व नकारामुळें नेहमींचा उपचार थांबवितां येत नाहीं. विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें कीं, सर्वांनीं मानलेली गोष्टहि स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावी लागते. कुष्ठरोग्याचीं बोटें गळतात हें शेंकडों वर्षें सर्वांना "ठाऊक" होतें. तीं कां जातात, हें कोणीतरी जवळ बसून पाहिलें तेव्हांच कळलें.