धुऱ्यावरच्या सागाची फळी

वाशिम जिल्ह्यात शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वाढलेला साग तोडला जातो तेव्हा त्याचे लाकूड दारा-चौकटीच्या कामी येण्यापूर्वी त्यातील पाणी बाहेर जावे लागते. हे काम ऊन करते असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात एप्रिल-मेचे ऊन आणि कोरडा वारा हेच येथे लाकडाचे मोठे शत्रू आहेत आणि सुकवण्याचे सारे कौशल्य घाई रोखण्यात आहे.

साग हा १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीतील वृक्ष असल्यामुळे स्वतःच्या शेतातील झाडासाठीही परवानगी घ्यावी लागते, आणि ओंडक्यांवर हातोड्याचा ठसा उमटून वाहतूक परवाना मिळेपर्यंत माल जागेवरच थांबतो. नुकसानीची सुरुवात बहुधा याच मुक्कामात होते, कारण पाणी ओंडक्याच्या बाजूंपेक्षा कापलेल्या टोकांतून कितीतरी वेगाने निघून जाते आणि टोके तडकतात. साल तशीच ठेवून टोकांना डांबर किंवा जाड रंग फासणे आणि ओंडके सावलीत सरकवणे, एवढ्याने पुष्कळ लाकूड वाचते.

खरेदीच्या वेळी ओंडक्याचा घेर मोजून त्याच्या चौथ्या भागाचा वर्ग केला जातो व त्याला लांबीने गुणून घनफूट काढले जातात. या रीतीने खऱ्या घनफळाचा साधारण ७८ टक्के भागच हिशेबात येतो, आणि उरलेली सूट चिरकामातील नासाडीपोटी धरलेली असते. आरा मशीनवर ओंडका ट्रॉलीला जखडून फिरत्या पट्ट्यासमोर पुढे नेला जातो, आणि सागात सिलिका हे वाळूतील द्रव्य असल्याने पट्ट्याची धार लवकर जाते. ताज्या फळीचा पिवळसर हिरवट रंग व त्यावरील गडद रेघा उजेडात हळूहळू सोनेरी तपकिरी होतात. कडेचे फिकट रसकाष्ठ, म्हणजे जिवंत झाडात पाणी वाहून नेणारा थर, कीड लवकर धरते म्हणून चांगल्या कामातून वगळले जाते. मधली मऊ मज्जा फळीत राहिल्यास तेथून भेग जाण्याचा धोका असतो, म्हणून जाणता चिरणारा ती एका बाजूला टाकतो.

लाकडातील ओल कोरड्या वजनाच्या प्रमाणात मोजली जाते: १५० ग्रॅमचा ओला तुकडा भट्टीत पूर्ण सुकून १०० ग्रॅम भरला, तर ओल ५० टक्के. पेशींच्या पोकळीतले पाणी आधी जाते आणि तोवर लाकूड आकाराने बदलत नाही. ओल सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरली की पेशींच्या भिंतींतले पाणी जाऊ लागते व आकुंचन सुरू होते. वर्षवलयांच्या दिशेने होणारे हे आकुंचन गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असते, आणि फळी वाकते ती या फरकामुळेच. तापलेल्या वाऱ्यात पृष्ठभाग आधी सुकून आवळला जातो, आतला ओला भाग त्याला आवळू देत नाही, आणि ताणाने पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात.

म्हणून चिरकाम पावसाळा संपल्यावर, थंडीच्या सुरुवातीला करावे. थप्पीचा पाया जमिनीपासून फूट-दीड फूट उंच आणि सपाट असावा, कारण पायाचा उतार सुकलेल्या फळीत कायमचा उतरतो. दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या दीड ते दोन फुटांवर ठेवतात. वरच्या थरातील पट्टी खालच्या पट्टीच्या नेमकी वर यावी लागते. ती बोटभरही सरकली तर वरचे वजन फळीच्या अधांतरी भागावर पडते आणि तेथे फळी झुकते. वर पत्र्याचे छप्पर, सर्वांत वरच्या थरावर दगडांचे वजन आणि उन्हाळ्यात वारा येणाऱ्या बाजूला गोणपाट, अशी योजना असते.

ठरावीक दिवसांनी एकाच नमुना फळीचे वजन केले जाते आणि ते घटायचे थांबले की फळी भोवतालच्या हवेशी जुळली असे समजतात. ही जुळणी मात्र ऋतूगणिक सरकते: हवेशी समतोल साधणारी ओल वैशाखात दहा टक्क्यांच्या खाली असते, तर श्रावणात पंधराच्या पुढे जाते. म्हणून मे महिन्यात चौकटीत बसवल्या जाणाऱ्या दाराच्या कडेला सुतार मुद्दाम फट सोडतो. ती न ठेवल्यास जुलैत फुगलेले दार चौकटीत अडकते आणि मग रंधा मारावा लागतो.